आईने मोठ्याने केलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्या आईसारखी प्रार्थना कोणालाच जमत नसे. मुलगी म्हणून कौतुक करते आहे असं समजू नका, ते कौतुक माझ्या मनातून कधीच उतरलं. पण खरं ते खरं. पाळकसाहेब प्रार्थना करायला लागले की लोक जांभया द्यायचे, आणि आईने तोंड उघडलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाचा नवरा दवाखान्यात असला की आईला बोलावणं यायचं. ती हातातलं काम टाकून जायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची, त्याचं ओकलेलंसुद्धा काढायची. हेही सांगायला हवं. ती वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मला पुढे एवढा त्रास झाला नसता.

हे ऐंशीच्या दशकातलं सांगते आहे. आम्ही जळगावात रेल्वेलाइनच्या पलीकडे भाड्याच्या घरात राहायचो. वडील कचेरीत कारकून, मी डी.एड.ला. आईला एकच बहीण, मोठी. त्यांचं माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यातलं. आजी लवकर गेली तेव्हा मावशीने स्वतःची शाळा सोडली आणि आईची वेणीफणी, खाणंपिणं सगळं बघितलं. आई तिला अक्का म्हणायची. लग्नं होऊन दोघी जळगावातच आल्या, त्याही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. आमच्याशी दोघी शाळेतलं मराठी बोलायच्या आणि एकमेकींशी मात्र अहिराणी. त्या दोघी ओट्यावर बसून अहिराणीत सुरू झाल्या की आमच्या हाकेलाही ओ द्यायच्या नाहीत.

नाताळचा फराळ दोघी मिळून करायच्या. नानकटाईचं पीठ एकाच परातीत मळायचं आणि पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन आम्ही पोरींनी ते बेकरीत भाजायला न्यायचे. बेकरीवाले चाचा आमच्या दोन घरांना एकच घर समजायचे. मी आणि मावशीची मुलगी तिथे भट्टीपाशी ऊब घेत बसायचो. ती माझ्याच वयाची, शाळेत माझ्याच बाकावर बसणारी. मला सख्खी बहीण नाही, आणि तशी गरजही कधी वाटली नाही.

तिला लहानपणी आकडी यायची. शाळेत एकदा आली होती तेव्हा मीच तिच्या दातांत रुमाल धरला होता. तो धरायचा नसतो हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तोवर तो रुमाल म्हणजे माझी मोठी कामगिरी होती. मावशीने तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मॅट्रिकच्या आधीच फिट यायच्या थांबल्या. गोळी मात्र रोज घ्यावी लागे. ही गोष्ट दोन घरांच्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. आकडी येते म्हटल्यावर मुलीचं काय होतं, ते तेव्हाच्या कोणत्याही आईला विचारा.

त्या वर्षी धुळ्याहून एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घर देवभिरू, हुंड्याचं नाव नाही. पाळकसाहेबांनी ते आधी आमच्याकडे आणलं. मंडळी आली, पोहे खाल्ले, माझी उंची बघितली, मला गीत म्हणायला लावलं आणि आठवड्याने निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे पण आमच्या मुलाला शोभणार नाही. मला वाईट वाटलं नाही असं कशाला म्हणू? वाटलं. एक-दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग कॉलेज सुरू झालं आणि मी ते विसरले. आई विसरली नाही. आणि तेवढ्यात त्याच लोकांनी मावशीच्या मुलीला बघितलं आणि पसंत केलं.

मावशी धावत आमच्याकडे आली ती बातमी सांगायला नव्हे, विचारायला. आईचे हात धरून म्हणाली, तुझ्या पोरीला नाही म्हटलेलं घर आहे, तुला जड वाटत असेल तर मी आताच नको म्हणते. आई हसली. म्हणाली, वेडी आहेस का अक्का, तुझी पोर ती माझी नाही का! मी तिथेच गहू निवडत बसले होते आणि मला आईचा अभिमान वाटला होता.

मावशीची मुलगी अडून बसली होती की सुपारी फुटायच्या आधी त्या लोकांना गोळ्यांचं सांगायचंच. मावशी घाबरत होती, पण तयार झाली. येत्या रविवारी पाळकसाहेबांना बरोबर घेऊन धुळ्याला जायचं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची आणि सगळं स्वच्छ सांगायचं, असं ठरलं. मुलाला ते आधीच माहीत होतं, हे आम्हाला फार पुढे कळलं. तिने त्याला गाठून स्वतः सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, गोळीच ना, घेऊ आपण. राहिले होते फक्त त्याचे आईवडील. आणि रविवारचं हे ठरलेलं आईला ठाऊक होतं, कारण मावशी तिला सगळं सांगायची.

आता गुरुवारचं सांगते. दर गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. आधी गीत, मग वचन, मग प्रार्थनेचे विषय, आणि शेवटी साखळी प्रार्थना. म्हणजे सगळ्यांनी गोल बसायचं, एकीची प्रार्थना संपली की तिच्या शेजारचीने सुरू करायची. याचे नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले. डोळे उघडायचे नाहीत. कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आणि तिचं झालं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. स्पष्टच बोलायचं तर गावातल्या निम्म्या बातम्या याच वाटेने फिरायच्या. कोणाचा नवरा पितो, कोणाची सून माहेरी बसली, कोणाच्या पोराचं कुठे जमलंय. ओट्यावर बसून बोललं तर ती चहाडी, आणि डोळे मिटून बोललं तर मध्यस्थीची प्रार्थना!

त्या गुरुवारी पाळी आमच्या घरची होती. जळगावचा उन्हाळा, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. धुळ्याच्या त्या मुलाची आत्या तेव्हा जळगावात आपल्या लेकीकडे राहायला आलेली होती. तिला प्रार्थनेला बोलावलं आईनेच. पंख्याखालची खुर्चीही आईनेच दिली, बाकी सगळ्या सतरंजीवर. मावशीला आनंद झाला की होणाऱ्या विहीणबाईंची नणंद आपल्या बहिणीच्या घरी आली. तिने स्वतः तिला सरबत नेऊन दिलं.

मी दारात उभी होते. साखळी फिरत फिरत आईकडे आली. आईने नेहमीसारखी सुरुवात केली, दयाळू बापा, तुझी दीन दासी तुझ्या चरणांशी येते. मग आवाज खाली आणला. आणि म्हणाली, प्रभू, माझ्या अक्काच्या लेकीसाठी मी तुझ्याजवळ रडते. लहानपणापासून तिला आकडी येते, ते दुःख तू जाणतोस. आजही ती गोळ्यांवर जगते. उद्या सासरी गेल्यावर तिला पुन्हा झटका येऊ देऊ नकोस, त्या घरच्या लोकांना ते ओझं सोसायची शक्ती दे.

मी डोळे उघडले. नियम गेला चुलीत. मावशीचेही डोळे उघडे होते. ती आईकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं, आणि तिच्याने बोलवत नव्हतं, कारण प्रार्थना चालू होती. चाळीस वर्षांची सवय. देवाशी कोणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. पंख्याखाली आत्याबाई डोळे घट्ट मिटून ताठ बसल्या होत्या. आई बोलत राहिली, रडलीसुद्धा. तिचे ते अश्रू खोटे होते का, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. शेवटी येशूच्या नावाने मागते म्हणून ती थांबली आणि सगळ्या बायका आमेन म्हणाल्या. मावशीसुद्धा आमेन म्हणाली. मी तिचा आवाज ऐकला.

रविवारी धुळ्याला जायची वेळच आली नाही. शनिवारीच निरोप आला की तुम्ही आमच्यापासून लपवलंत, आम्हाला परक्याच्या प्रार्थनेतून कळावं का? मुलगा घरी भांडला म्हणे. पण भांडून किती भांडणार. त्याच्या आईने जेवण सोडलं आणि तो गप्प बसला. मला त्याचाही राग येतो, पण तो इथे सांगायचा विषय नाही.

त्या दिवशी वडील कचेरीतून आले तेव्हा त्यांना कोणीतरी रस्त्यातच सांगितलं होतं. वडील मुलखाचे मितभाषी. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "देवाला ते ठाऊकच होतं. मग तू सांगितलंस कोणाला?" आई फणकारली की माझी प्रार्थना माझ्या नि देवाच्या मधली आहे. वडिलांनी पुढे वाद घातला नाही. पण जेवणाआधीची प्रार्थना, जी आमच्याकडे कायम आई करायची, ती त्या दिवसापासून ते स्वतः करू लागले. दोन ओळींची, पुटपुटल्यासारखी. एकाच ताटलीतून शेव खाणारी ती दोघं, त्यानंतर एका घरात राहिली एवढंच म्हणता येईल.

मावशी आली ती सोमवारी. उंबऱ्याच्या आत आली नाही. मला वाटलं होतं आता रडारड होईल, शिव्याशाप होतील. तसं काही नाही. ती आईला म्हणाली, "येवढंच सांग, तू मुद्दाम करं ना? तू हा म्हन, मंग मी इसरी जासू." बस, एवढंच मागत होती. मुद्दाम केलं असं कबूल कर, मी विसरून जाईन. पोरीचं मोडलेलं लग्न विसरायला तयार होती ती बाई. आई म्हणाली, "मी ते प्रार्थनाच करी, अक्का." मावशी उंबऱ्यावरूनच परत गेली. मी आईच्या अंगावर ओरडले, काय वाट्टेल ते बोलले. आई म्हणाली, तुझ्यासाठीच जीव तुटतो ना माझा. तेव्हा मला कळलं की हे पाप माझं नाव घेऊन झालं आहे, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

मावशीची मुलगी मला कॉलेजच्या फाटकाशी भेटली. तिने माझ्या आईबद्दल विचारलं, "तुला माहीत होतं, मावशी असं करणार?" मी म्हटलं, शपथ, नव्हतं. ते खरं होतं. तिने मान डोलावली. पण तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिचा विश्वास बसलेला नाही, आणि तिची इच्छा असूनही तो बसणार नाही. त्यानंतर आम्ही भेटलो की कशी आहेस, बरी आहे, एवढंच. लहान असताना रविवारच्या शाळेत आम्हाला दोघींना एकाच सतरंजीवर बसवून एदेन बागेची गोष्ट सांगितली होती. फळ खाल्ल्यावर त्या नवरा-बायकोने आधी काय केलं? देवापासून लपले आणि मग एकमेकांवर ढकललं. तेव्हा आम्ही फळ कोणतं असेल यावरच भांडलो होतो. त्या गोष्टीतलं खरं दुखणं फळात नव्हतं, हे मला फाटकाशी उभं राहून समजलं.

यातलं सगळ्यात वाईट मला काय वाटतं, सांगू? आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. मनात कोणाविषयी वैर ठेवून त्या मेजाशी जायचं नाही, आधी समेट करायचा, असं आम्हाला शिकवलेलं. मावशीने ते जाणं सोडलं. सगळे उठून पुढे जायचे आणि ती बाकावर एकटी बसून राहायची, मांडीवर हात ठेवून. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, माझ्या मनात राग आहे, मी कशी घेऊ? आणि आई? आई दर महिन्याला पुढे जायची, गुडघे टेकायची, भाकर घ्यायची, प्याला घ्यायची. जिचं वाटोळं झालं ती बाहेर, आणि जिने केलं ती आत. मला तिथे बसवेना. मी गीताच्या पुस्तकात बघत राहायचे.

त्या डिसेंबरात मी एकटीच ट्रे घेऊन बेकरीत गेले. चाचांनी विचारलं, "दुसऱ्या बिटियाचे ट्रे कुठे?" मी सांगितलं, ते वेगळे येतील. त्यांनी पुढे विचारलं नाही, मुसलमान माणूस, पण दोन घरांत काय झालं असेल ते त्यांना बरोबर कळलं. नानकटाई त्या वर्षी करपली. आईने ती तशीच वाटली.

पुढे मावशीच्या नवऱ्याची, काकांची, बदली धुळ्याला झाली आणि मावशीचं घर तिकडे गेलं. ज्या गावात लेक द्यायची होती त्याच गावात लेकीला घेऊन राहायला जायचं, काय वाटलं असेल तिला! मुलीने लग्न केलं नाही, बालवाडीत नोकरी धरली. माझं लग्न झालं, भुसावळला दिलं मला. लग्नात मावशी आली, अक्षता टाकल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गेली. वडील वारले तेव्हाही ती आली आणि आईच्या शेजारी बसली, पण दोघींमध्ये एक उशी ठेवायला जागा होती. आईची प्रार्थना तशीच चालू होती, लोकं अजून बोलवायची. पण शब्द तेच, आणि बायका आता रडत नव्हत्या. एकदा मला म्हणाली, आजकाल वर कोणी ऐकतंय असं वाटत नाही गं. मी म्हटलं, का ते तुला ठाऊक आहे. मला वाटलं आता सांगेल, पण नाही सांगितलं.

नव्वदनंतरची गोष्ट. मावशीची किडनी गेली असं धुळ्याहून कळलं. शुगर फार वर्षांची होती. आई माझ्याकडे भुसावळला आली आणि म्हणाली, चल माझ्याबरोबर, मला एकटीला जमणार नाही. एसटीने निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आई खाली उतरली आणि परत चढेना. कंडक्टर ओरडला, मी ओढायला लागले. ती म्हणाली, परत जाऊ, तिला बरं वाटल्यावर येऊ. मला असा संताप आला! मी भर स्टँडवर तिला म्हटलं, बरं वाटणार नाहीये तिला, आज नाही तर कधीच नाही. मग ती चढली आणि धुळं येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

मावशी खाटेवर इतकी लहान दिसत होती की मी आधी ओळखलंच नाही. पाय सुजलेले, चेहरा पिवळा. मुलगी तिला चमच्याने पाणी पाजत होती. आम्हाला बघून ती उठली आणि आपली जागा आईला दिली, पण खोलीतून गेली नाही. आई खाटेपाशी खालीच बसली. मग म्हणाली, "अक्का, मी मुद्दाम करं. माले माहीत व्हतं, ती बाई तठे बठेल व्हती. म्हनीसनच करं." ती आत्या तिथे बसलेली, म्हणूनच केलं. आणि मग सगळं आलं. माझ्या पोरीला नाकारलं आणि तुझ्या पोरीला घेतलं, माझ्या पोटात आग पडली. रविवारी तुम्ही जाऊन नीट सांगितलं असतं तर जमून गेलं असतं, म्हणून गुरुवारीच बोलले. देवाचं नाव घेऊन बोलले, म्हणजे मला कोणी बोल लावणार नाही. आई ढसाढसा रडत होती, आणि ते अश्रू खरे होते, यात मला शंका नाही.

मावशीने हात बाहेर काढला आणि आईच्या केसांवर ठेवला, लहानपणी वेणी घालताना ठेवत असेल तसा. म्हणाली, "माफ करं मी तुले." इतक्या वर्षांनी, एका वाक्यात. भिंतीपाशी उभी असलेली तिची मुलगी तोंड फिरवून रडली. मीही रडले. मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं. आईने डोळे पुसले, सवयीने हात जोडले, मान खाली घातली आणि सुरू केलं, दयाळू बापा, माझ्या अक्कासाठी...

मावशीने तिचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. तिच्या अंगात ताकद नव्हती तरी सोडवले. "नको," ती म्हणाली, "मनं नाव लेवू नको." माझं नाव घेऊन प्रार्थना करू नकोस, म्हणत होती. आईला वाटलं राग अजून आहे. मावशीने मान हलवली. "राग नही शे. भ्याव वाटस." भीती वाटते, म्हणाली. आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या पाळकांना बोलावून तिने प्रभुभोजन घेतलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. म्हणजे माफी खरी होती. तिच्या मनात काही उरलेलं नव्हतं. फक्त जे तुटलं होतं ते तुटलेलंच होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

धुळ्याच्या कब्रस्तानात बरीच माणसं होती, जळगावचेही आले होते. पेटी खाली सोडल्यावर जळगावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाळकांना सांगितलं की या सख्ख्या बहीण, यांच्यासारखी प्रार्थना कोणी करत नाही, यांनाच करू द्या. पाळकांनी आईला मान दिला. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या आणि वाट बघत राहिले. आई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मी नाही करणार. अक्का नको म्हणून गेली." अगदी स्पष्ट म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकेकाने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. पाळकांनी मग गडबडीने स्वतःच प्रार्थना केली. शेवटी सगळे आमेन म्हणाले, आणि आईचे ओठ हलले नाहीत.